नवा मोबाइल पहिल्यांदा आठ तास चार्ज करावाच लागतो का?

"पहिल्यांदा आठ तास लावून ठेवा, मगच चालू करा." नवा मोबाइल हातात देताना हे वाक्य अंबडच्या बाजारात ऐकू येतं, तसंच जालन्यात, बीडमध्ये आणि पुण्यातही. कुणी आठ तास सांगतं, कुणी बारा, एखादा जुना जाणकार थेट सोळा तासांवर जातो. व्हॉट्सॲपवर याला आणखी शेपटं जोडलेली असतात: पहिले तीन वेळा बॅटरी पूर्ण उतरवा, चार्जिंगला असताना फोन बंदच ठेवा, नाहीतर बॅटरीला 'सवय' लागते आणि ती कायमची कमी चालते.

आज विकल्या जाणाऱ्या मोबाइलसाठी यातलं काहीही लागत नाही. खोक्यातून काढल्यावर फोन ४० टक्के दाखवत असेल, तर ४० टक्क्यांवरच वापरायला सुरुवात करा. गरज वाटेल तेव्हा चार्जिंगला लावा आणि १०० टक्के झालं की काढा. त्याआधी काढलात तरी काही बिघडत नाही.

पण हा सल्ला कुणी हवेतून काढलेला नाही. तो एकेकाळी बरोबर होता, आणि काही बॅटऱ्यांसाठी आजही बरोबर आहे. त्या बॅटऱ्या अंबड तालुक्यासारख्या भागात सगळीकडे दिसतात: इन्व्हर्टरला, मोटारसायकलला, ट्रॅक्टरला आणि पाठीवरच्या फवारणी पंपात. घोटाळा असा होतो की मोबाइलच्या बाबतीत लोक हा नियम काटेकोर पाळतात आणि पंपाच्या बाबतीत, जिथे तो खरंच पाळायला हवा, तिथे विसरतात. मग ऐन फवारणीच्या वेळी पंप चार टाक्यांत बसतो आणि नवी बॅटरी घ्यावी लागते.

'बॅटरी' म्हणजे नेमकी कोणती?

आपल्याकडे बॅटरी हा शब्द फार मोकळेपणानं वापरतात. अंधारात शेतात जाताना हातात असते ती बॅटरी, तिच्यात टाकतात ते सेल, गाडीच्या सीटखाली असते ती बॅटरी आणि मोबाइलमधलीही बॅटरीच. एकच नाव असल्यामुळे एकीचा नियम दुसरीला लागला.

रोजच्या वापरातल्या, पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांची तीन घराणी आहेत. पहिलं शिसं आणि आम्लाचं, दुसरं निकेलचं, तिसरं लिथियमचं. तिघींच्या आतली रसायनं वेगळी, त्यामुळे त्यांचं पथ्यपाणीही वेगळं.

आठ-बारा तासांचा नियम आला कुठून?

शिशाची बॅटरी सगळ्यात जुनी. फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यानं १८५९ साली ती बनवली. आपल्याकडे मोटारसायकल-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बरीच वर्षं कोरड्या येत. आतल्या प्लेटा कारखान्यात चार्ज करून वाळवलेल्या असत, पण आम्ल नसे. गिऱ्हाईक आलं की दुकानदार त्यात पाणी मिसळून सौम्य केलेलं गंधकाम्ल भरायचा, प्लेटा नीट भिजेपर्यंत थांबायचा आणि मग बॅटरी कमी करंटवर चार्जिंगला लावायचा. "उद्या या न्यायला" हे उत्तर तेव्हा आळसाचं नव्हतं. हे पहिलं चार्जिंग घाईत उरकलं, तर प्लेटांचा काही भाग कामालाच लागत नसे आणि बॅटरी पहिल्या दिवसापासून अर्धवट राही. आता बऱ्याच बॅटऱ्या आम्ल भरून, चार्ज करूनच दुकानात येतात. पण ज्यांनी आयुष्यभर असं केलं, त्यांच्या तोंडून "नवी बॅटरी रात्रभर लावा" हे वाक्य कसं जाईल?

दुसरं घराणं निकेलचं. निकेल-कॅडमियम बॅटरी १८९९ साली स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यानं शोधली, आणि निकेल-मेटल हायड्राइड हा तिचा पुढचा अवतार १९९० च्या आसपास बाजारात आला. या बॅटऱ्या नुसत्या ठेवल्या तरी आपोआप उतरतात. गोदामातून दुकानात येईपर्यंत त्या जवळजवळ रिकाम्या झालेल्या असत. त्यांच्या साध्या चार्जरची रीत अशी, की बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश इतका करंट द्यायचा आणि १४ ते १६ तास ठेवायचं. दहा तासांत हिशोब पुरा व्हायला हवा, पण बरीचशी वीज उष्णतेत वाया जाते म्हणून वरचे चार-सहा तास. सोळा तासांचा आकडा इथला आहे. घरातल्या कॉर्डलेस फोनच्या पुस्तिकेत तो हमखास छापलेला असे.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन लावला. त्या काळच्या बहुतेक हँडसेटमध्ये निकेलच्याच बॅटऱ्या असत. पुढे २००० साली आलेला, आजही ज्याच्या मजबुतीवर विनोद होतात तो नोकिया ३३१० सुद्धा निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी घेऊन आला होता. त्याच्या माहितीपुस्तिकेत कंपनीनंच सांगितलं होतं, की नव्या बॅटरीची पूर्ण ताकद दोन-तीन वेळा पूर्ण चार्ज आणि पूर्ण रिकामी केल्यावरच मिळते. म्हणजे "तीन वेळा उतरवा" हा सल्लाही कुणा काकांचा नाही, तो कंपनीचाच आहे. फक्त दुसऱ्या बॅटरीसाठीचा.

'सवय लागते' हेही निकेल-कॅडमियमचंच लक्षण. ही बॅटरी दर वेळी अर्ध्यावरच पुन्हा चार्ज केली, तर कालांतरानं अर्ध्यावर आल्यावर तिचा व्होल्टेज खाली घसरतो आणि ती तिथेच संपल्यासारखी वागते.

मग २००३ साली नोकिया ११०० आला. वर टॉर्च असलेला. (म्हणजे आपल्या बोलीत एकाच फोनमध्ये दोन बॅटऱ्या.) त्यात बीएल-५सी ही लिथियम-आयन बॅटरी होती. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हा किंवा याच्या जातीचा फोन हा पहिलाच मोबाइल. आतलं रसायन बदललं होतं, पण दुकानदार तोच होता, सल्ला तोच होता, आणि लिथियम बॅटऱ्या आल्यावरही काही वर्षं पुस्तिकांमध्ये ती जुनी ओळ छापली जात होती.

तो काळ भारनियमनाचाही होता. ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास वीज नसायची. सलग आठ तास चार्जिंग करायचं म्हटलं तर अंबड तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात ते जमणार कसं? वीज दोन तास आली, गेली, पुन्हा आली, असेच ते फोन पहिल्यांदा चार्ज झाले. आणि ते वर्षानुवर्षं चाललेही.

लिथियम बॅटरीचं पहिलं चार्जिंग कधी होतं?

होतं, पण तुमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधी.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीनं पहिल्यांदा बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिच्यात एका बाजूला ग्रॅफाइट असतं, दुसऱ्या बाजूला लिथियम असलेलं धातूचं ऑक्साइड, आणि मध्ये द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात.

सेल तयार झाल्यावर अगदी पहिल्यांदा चार्ज करताना एक गोष्ट घडते. ग्रॅफाइटवर एक अतिशय पातळ थर धरतो. हा थर आयनांना ये-जा करू देतो, पण आतल्या द्रवाला ग्रॅफाइटशी झटत राहू देत नाही. नवा बिडाचा तवा तेल लावून, तापवून तयार करतात, तसंच काहीसं. तव्यावर पहिल्यांदा तेल नीट बसलं तर पुढे घावन चिकटत नाही. सेलच्या बाबतीत हे काम कारखान्यातच, कमी करंटवर, तापमान सांभाळून करतात. त्यानंतर सेल काही दिवस नुसते ठेवून तपासतात, कच्चे निघालेले बाजूला काढतात आणि उरलेले फोनमध्ये जातात.

म्हणजे तुमच्या हातात येतो तो तेल बसलेला तवा. तुम्ही घरी आठ तास काय किंवा अठरा तास काय लावलात, त्या थरात काही भर पडत नाही.

आणि खरं तर तुम्ही आठ तास चार्ज करतही नसता. लिथियम बॅटरीचं चार्जिंग हंडा भरण्यासारखं चालतं: आधी नळ पूर्ण सोडायचा, काठोकाठ येऊ लागला की बारीक करायचा. नेहमीच्या सेलचा व्होल्टेज ४.२ च्या आसपास पोहोचला, की करंट कमी कमी होत जातो आणि फोनमधलं सर्किट तो बंद करतं. फोन दोन तासांत भरला असेल, तर उरलेले सहा तास तो फक्त भिंतीला टांगलेला असतो.

'सवयी'बद्दल एक बारीकशी भर: २०१३ साली स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतल्या संशोधकांना, टोयोटाच्या संशोधकांसोबत काम करताना, लिथियम आयर्न फॉस्फेट या एका प्रकारात असा परिणाम सापडला होता. पण तो इतका किरकोळ, की मोबाइल वापरणाऱ्यानं त्याची काळजी करण्याचं कारण नाही.

मग खोक्यावर 'वापरण्याआधी पूर्ण चार्ज करा' असं का छापतात?

इअरबड, घड्याळ, पॉवर बँक यांच्या कागदावर हे अजून दिसतं. त्याचं कारण साधं आहे. सेल अर्धवट चार्ज ठेवूनच पाठवले जातात, कारण भरलेला सेल प्रवासात जास्त धोकादायक आणि साठवणीत लवकर म्हातारा होणारा. सुटे लिथियम-आयन सेल विमानानं पाठवायचे तर त्यांचा चार्ज ३० टक्क्यांच्या वर नको, असा आंतरराष्ट्रीय नियम १ एप्रिल २०१६ पासून आहे. त्यात गोदामात काही महिने गेले, की वस्तू उघडताच बंद पडू शकते आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं. म्हणून ती सूचना. ती पाळायला हरकत नाही, फक्त ती १०० टक्क्यांची सूचना आहे, तासांची नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. फोन किंवा टॅब फार दिवस दुकानात पडून राहिला असेल आणि पूर्ण उतरला असेल, तर चार्जर लावल्यावर बराच वेळ पडद्यावर काहीच येत नाही. आतलं सर्किट आधी अगदी थोडा करंट देऊन सेलला शुद्धीवर आणतं. अशा वेळी अर्धा तास वाट बघा. तरीही हालचाल नसेल तर मात्र परत न्या. "आठ तास ठेवा, होईल चालू" या उत्तरावर घरी परत येऊ नका. वस्तू बदलून मिळायची मुदत अशीच निघून जाते.

लॅपटॉप पूर्ण चार्ज करून एकदा पूर्ण उतरवायला सांगतात, त्याचा हेतूही वेगळा. त्यानं बॅटरी सुधारत नाही, टक्केवारी दाखवणारा मोजणीचा भाग ताळ्यावर येतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीच्या ई-स्कूटरला अधूनमधून १०० टक्के भरायला सांगतात, तेही मुख्यतः याचसाठी.

नियम लागू होतो तो फवारणी पंपाला

बॅटरीवरच्या फवारणी पंपात बहुतेक वेळा १२ व्होल्टची बंद शिशाची बॅटरी असते, ८ किंवा १२ अँपिअर-तासांची. अलीकडे लिथियमचे पंपही येतात, म्हणून आधी ओळख पटवा. शिशाची ८ अँपिअर-तासांची बॅटरी अडीच किलोच्या आसपास भरते आणि तिच्यावर शिशाची रासायनिक खूण, म्हणजे इंग्रजी पी आणि बी ही अक्षरं, छापलेली असतात. लिथियमचा तेवढाच गठ्ठा हातात घेतला की हलका लागतो.

शिशाची असेल, तर पहिल्या फवारणीआधी ती पूर्ण चार्ज कराच. इथे तासांचा हिशोब खराखुरा निघतो. ८ अँपिअर-तासांची बॅटरी आणि दीड-पावणेदोन अँपिअरचा चार्जर असेल, तर नुसत्या भागाकारानंच पाच तास होतात. शेवटचा टप्पा सावकाश भरत असल्यामुळे प्रत्यक्षात सहा ते आठ. १२ अँपिअर-तासांची असेल तर त्याहून जास्त. चार्जरचा दिवा लालचा हिरवा झाला की काढा. स्वस्तातले काही चार्जर आपोआप थांबत नाहीत, त्यामुळे दिवा नसलेला चार्जर लावून दोन-दोन दिवस विसरू नका.

पण पहिल्या चार्जिंगपेक्षाही या बॅटरीचा घात होतो तो शेवटच्या दिवशी. कपाशीची शेवटची फवारणी होते, टाकी धुऊन पंप शेडच्या कोपऱ्यात जातो, बॅटरी उतरलेली तशीच. शिशाची बॅटरी रिकामी राहिली, की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरू लागतात. आधी ते बारीक असतात आणि चार्जिंगनं विरघळतात. महिने गेले की घट्ट होतात आणि मग कितीही तास लावा, सुटत नाहीत. पत्र्याच्या शेडमधल्या उन्हाळ्यानं हे आणखी वेगात होतं. जूनमध्ये पंप काढावा तर चार्जरचा दिवा दहा मिनिटांत हिरवा होतो आणि पंप एका टाकीत बसतो. दिवा लवकर हिरवा झाला म्हणून खूश होऊ नये, बॅटरीत जागाच उरलेली नसते.

उपाय सोपा आहे आणि फुकटचा आहे. हंगाम संपला की बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्जिंगला लावा. आठवण राहत नसेल तर सण धरून चाला: दिवाळीला भरून ठेवली, मग संक्रांतीला, मग पाडव्याला, मग मृगाच्या आधी. पंप घरात, सावलीत ठेवा. मल्टिमीटर असेल तर चार्ज करून काही तास ठेवलेल्या बॅटरीवर १२.७ च्या आसपास आकडा यायला हवा. १२ च्या खाली दिसला तर ती उपाशी आहे.

दोन इशारे. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमच्या पंपाला लावू नका, पिन बसली तरीही. दोघींचा भरण्याचा व्होल्टेज वेगळा असतो आणि लिथियमचा गठ्ठा जास्त व्होल्टेजनं पेट घेऊ शकतो. दुसरं, शिशाची बॅटरी चार्ज होताना थोडा हायड्रोजन वायू निघू शकतो, जो ज्वालाग्राही आहे. म्हणून ती हवेशीर जागी चार्ज करा. देवघरातल्या समईशेजारी किंवा चुलीजवळ तर अजिबात नको.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचंही घराणं हेच. नवी बसवली की पहिल्यांदा पूर्ण चार्ज होऊ द्या, मगच तिच्यावर पंखे टाका. पाण्याची पातळी बघत राहा आणि त्यात फक्त बॅटरीसाठीचं डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं नाही.

मोबाइलची बॅटरी खरंच कशानं लवकर मरते?

उष्णतेनं. बाकी सगळं नंतर.

ॲपल कंपनी आपल्या फोनबद्दल सांगते, की ३५ अंशांवरच्या वातावरणात बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते. हे रसायन इतर कंपन्यांच्या फोनमध्येही तसंच वागतं. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे अंबडमध्ये दुपारी फोन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, मोटारसायकलच्या हँडलवर किंवा पत्र्याखाली ठेवणं हेच बॅटरीला सगळ्यात महाग पडतं. त्यातही पूर्ण भरलेली बॅटरी उकाड्यात असेल तर ती जास्त झिजते. शक्य असेल तर उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री उशिरा चार्ज करा, जाड कव्हर काढा, आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली किंवा गोधडीत ठेवू नका. त्या वेळी व्हिडिओ बघणं किंवा गेम खेळणं टाळा. त्यानं स्फोट होतो म्हणून नाही, फोन दोन्हीकडून तापतो म्हणून.

दर वेळी शून्यापर्यंत नेणंही लिथियमला मानवत नाही. २० टक्क्यांवर लावला, ८० वर काढला तर ती जास्त टिकते. पण रोज टक्के मोजत बसायची गरज नाही. आता बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय सेटिंगमध्येच असते, ती एकदा चालू करून विसरून जावं. आणि थोडं थोडं चार्ज केल्यानं 'वेळा' वाया जात नाहीत. दोनदा अर्धी भरली की एक चक्र मोजलं जातं. आयफोन १४ पर्यंतच्या फोनना ॲपलनं ५०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्के क्षमतेचा अंदाज दिला आहे, १५ पासून १००० चक्रांचा.

फुगलेली बॅटरी, मग ती फोनची असो की पंपाची, पुन्हा चार्ज करू नका, टोचून हवा काढायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शिशाच्या बॅटरीला तर मोडीचा भाव असतो. नवी घेताना जुनी दुकानात द्या आणि तेवढी रक्कम बिलातून वजा करून मागा.